प्रदूषण मंडळाने बंद केलेला कारखाना दिवाणी कोर्टाच्या मनाई हुकमावर चालू राहू शकतो का?

काठावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कायद्यातलं कळणारी बरीच माणसं इथे आहेत, म्हणून लिहितेय. प्रकरण कोर्टात आहे, तेव्हा गाव, नदी, कारखाना यांची नावं लिहीत नाही. कुणी विचारूही नका.

आमचं गाव नदीकाठचं. वरच्या अंगाला साडेतीन किलोमीटरवर कापड रंगवायचा कारखाना आहे. गेली चार वर्षं होळी झाली की जॅकवेलपाशी पाण्याचा रंग बदलतो. कधी जांभळट, कधी गंजासारखा. आडाच्या पाण्याला वास यायला लागला तेव्हा बायकांनी आधी भांडी बदलली, मग फडकी बदलली, शेवटी पाणीच बदललं. आता प्यायचं पाणी टँकरचं.

गेल्या महिन्यात पहाटे दूध घालायला निघालेल्या पोरांनी फोन केला, "काकू, मासे वर आलेत." मी घाटावर गेले. शेवटच्या पायरीला हातभर लांबीचा मरळ लागला होता, तोंड उघडं, कल्ल्यांवर काळा थर. मरळ चिखलात जगणारा मासा आहे. तो मेला, म्हणजे पाण्यात काय असेल याचा विचार करा.

तक्रार केली. मंडळाचे अधिकारी आले, नमुने घेतले, कारखान्याला नोटीस गेली, सुनावणी झाली आणि एका शुक्रवारी बंदचा आदेश निघाला. ७२ तासांत वीज तोडावी असं वीज कंपनीलाही कळवलं. गावात आम्ही पेढे वाटले, खरं सांगते. सोमवारी दुपारी बातमी आली की कारखान्याने तालुक्याच्या दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणलाय. पुढच्या तारखेपर्यंत वीज तोडायची नाही. मंगळवारी पहाटे भोंगा झाला आणि आठ वाजता पाणी परत जांभळं.

मला एवढंच विचारायचंय. कायद्याने नेमलेलं मंडळ कायद्याने दिलेला अधिकार वापरून कारखाना बंद करतं, आणि दिवाणी कोर्ट त्याला एका दिवसात मनाई देऊ शकतं का?

निशाणी५

ताई, मी जिल्हा न्यायालयात २२ वर्षं दिवाणी बाजू चालवतोय. सरळ उत्तर देतो: नाही, देऊ शकत नाही. हे माझं मत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४, कलम ५८. छोटं कलम आहे, दोन भागांचं. पहिला भाग सांगतो की या कायद्याखालच्या अपिलीय प्राधिकरणाने ठरवायच्या बाबींवर दिवाणी कोर्टाला दावाच चालवता येणार नाही. दुसरा भाग त्याहून कडक आहे: या कायद्याने दिलेल्या अधिकारानुसार केलेल्या किंवा करायच्या कोणत्याही कृतीवर कोणत्याही कोर्टाने मनाई हुकूम द्यायचा नाही. ‘करायच्या’ हा शब्द नीट वाचा. आदेश निघायच्या आधी धावत जाऊन मनाई आणायची वाटही त्याने बंद केली आहे. धूर, वायू यांच्यासाठी १९८१ च्या हवा कायद्यात कलम ४६ आहे, शब्द जवळपास तेच.

शिवाय विशिष्ट अनुतोष अधिनियमाचं कलम ४१(ह). तितकाच परिणामकारक दुसरा मार्ग असेल तर मनाई देऊ नये. इथे तो मार्ग आहे. बंदचा आदेश जल कायद्याच्या कलम ३३अ खाली निघाला असणार, आणि त्यावर कलम ३३ब खाली हरित लवादाकडे (पर्यावरणाच्या खटल्यांसाठीचं राष्ट्रीय न्यायाधिकरण) अपील करता येतं. मुदत ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० पर्यंत.

मग हुकूम मिळाला कसा? आपल्याकडे दाव्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा अर्ज देतात. तो नोंदवहीत पाचव्या क्रमांकाला लागतो म्हणून सगळे त्याला निशाणी ५ म्हणतात (माझं इथलं नाव त्यावरूनच). पहिल्या दिवशी समोर फक्त वादी असतो. कोर्टाला दिसतं ते त्याने लिहिलेलं: शेकडो कामगार, बँकेचं कर्ज, निर्यातीची ऑर्डर, उद्या वीज तुटणार. दुसऱ्या बाजूचं ऐकायला कुणीच नसतं. त्या घाईत एकतर्फी हुकूम निघतो. तसा काढायचा तर कारणं लिहावी लागतात, तेही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ नियम ३ मध्ये आहे, आणि नियम ३अ प्रमाणे तो अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न व्हायला हवा.

आधी एक काम करा. हुकमाची आणि वादपत्राची (वादीने दावा लावताना दिलेलं लेखी म्हणणं) नक्कल काढा. पक्षकार नसलात तरी अर्ज करून मिळते. त्यात प्रतिवादी कोण आहेत ते मला सांगा. माझ्या मनात एक शंका आहे.

जुना क्षेत्र अधिकारी

एका राज्याच्या मंडळात आयुष्य गेलं, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. कुठलं राज्य ते राहू द्या.

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी जमिनीवरचं सांगतो. १९८८ च्या दुरुस्तीआधी ३३अ हे कलमच नव्हतं. नदीत विष चाललंय हे डोळ्यांनी दिसायचं, आणि आम्ही कलम ३३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचो की याला थांबवा. म्हणजे तेव्हा कोर्टाचा हुकूम मागणारे आम्ही होतो. तारखा पडायच्या. पावसाळा आला की नदी स्वतःच वाहून स्वच्छ व्हायची आणि अर्जातला दम जायचा. ३३अ आल्यावर पहिल्यांदा मंडळाच्या हातात थेट अधिकार आला: बंद करा, वीज तोडा, पाणी तोडा. दिवाणी कोर्टात जाऊन हा अधिकार अडवता येणार असेल तर तो दिला कशाला?

पण ताई, तुमच्या प्रकरणात नमुना कसा घेतला ते बघा. सगळं त्यावर उभं असतं. कलम २१ म्हणतं, सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला तिथेच नोटीस द्यायची, त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही डबे सीलबंद करायचे आणि त्यावर दोघांच्या सह्या. त्याने मागणी केली तर एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. मी तरुण असताना एका ठिकाणी भर उन्हात लाख वितळवून सील लावत होतो. लाख हातावर सांडली, डाग अजून आहे. वरिष्ठ म्हणाले, "हात बरा होईल, सील तुटलं तर केस बरी होणार नाही." पुढे ते सील कोर्टात दाखवावं लागलं तेव्हा त्यांचं म्हणणं कळलं.

बॉयलर

इथे सगळे एका बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो. माझं छोटं डाईंग युनिट आहे, महाराष्ट्राबाहेर. ४० माणसं कामाला. इफ्लुएंट प्लँट (सांडपाणी शुद्ध करायचा) आहे, चालतो, दर महिन्याचं बिल मी भरतो. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी सहाला बंदचा कागद हातात आला. नोटीस नाही, सुनावणी नाही. नमुना माझ्या आउटलेटचा नव्हता, नाल्याचा होता, आणि त्या नाल्यात सात युनिटं सोडतात. दुसऱ्या दिवशी वीज तुटली. रंगाच्या जिगरमध्ये (कापड रंगवायचं यंत्र) कापड तसंच होतं, सगळं सडलं. मी काय करायला हवं होतं? हरित लवाद माझ्यापासून ६०० किलोमीटर, तालुका कोर्ट सहा किलोमीटर. मी तालुक्यात गेलो, मनाई मिळाली, तीन आठवड्यांनी उठली. मी चोर आहे असं कुणी म्हणू नका.

निशाणी५

बॉयलर, तुम्हाला कुणी चोर म्हणत नाही. तुमच्यावर अन्याय झाला असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. तुमचं गाऱ्हाणं खरं होतं, फक्त ते चुकीच्या दारात नेलंत.

दिवाणी कोर्टाचा अधिकार कुठवर बंद होतो यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचा निकाल आहे, धुलाभाई विरुद्ध मध्य प्रदेश, १९६८. विशेष कायद्याने स्वतःची यंत्रणा दिली असेल आणि दिवाणी कोर्टात जे मिळालं असतं ते तिथे मिळत असेल, तर दिवाणी कोर्ट बाजूला. पण कायद्याने घालून दिलेली प्रक्रियाच पाळली नाही, किंवा न्यायदानाची मूलभूत तत्त्वं सोडून काम झालं, तर ती बंदी आड येत नाही. तुमच्या वकिलांनी हाच धागा धरला असणार. अडचण अशी की कलम ५८ चा दुसरा भाग अधिकारक्षेत्राबद्दल बोलत नाही, थेट मनाई हुकमाबद्दल बोलतो. धुलाभाईच्या आधाराने दावा एखाद वेळी टिकेल, पण त्या दाव्यात अंतरिम मनाई मिळण्याच्या वाटेवर ५८ उभंच असतं.

तुम्ही जायला हवं होतं हायकोर्टात. घटनेच्या अनुच्छेद २२६ ने हायकोर्टाला दिलेला रिट अधिकार, म्हणजे सरकारी आदेश तपासून रद्द करायचा अधिकार, कुठलाही साधा कायदा काढून घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, एल. चंद्रकुमार, १९९७, सात न्यायमूर्ती. कलम ५८ मध्ये ‘कोणतंही कोर्ट’ असं लिहिलं असलं तरी ते रिट अधिकाराला लागू पडत नाही. पर्यायी अपील आहे म्हणून हायकोर्ट हात आखडतं घेतं हे खरं, पण म्हणणं ऐकून न घेता आदेश काढला असेल तर ते थांबत नाही. व्हर्लपूलच्या १९९८ च्या निकालापासून हे पक्कं आहे. आणि हरित लवाद आला म्हणून हायकोर्टाचा अधिकार गेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या वकील संघटनेच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं.

ऐकून घेण्याचा नियम कागदावर स्पष्ट आहे. आधी प्रस्तावित निर्देशाची प्रत द्यायची, हरकतीला किमान १५ दिवस, मग निर्णय. गंभीर हानीची भीती असेल तर कारणं लेखी नोंदवून लगेच आदेश काढता येतो. तुमच्या कागदावर तशी कारणं होती का?

बॉयलर

नव्हती. एक ओळ होती, "तक्रारी प्राप्त झाल्या आहेत." एवढंच.

निशाणी५

मग तो आदेश हायकोर्टात टिकला नसता. आणि मंडळालाही धडा मिळाला असता. तालुक्याच्या मनाईने तुम्हाला तीन आठवडे मिळाले, पण तुमचा मुद्दा कुणी तपासलाच नाही.

काठावरची

नक्कल मिळाली. गावातल्या एका आजीच्या नातवाने दोन दिवस कोर्टात बसून काढली. वकीलदादा, वाचून हात थंड पडले. प्रतिवादी एकच आहे, वीज कंपनी. मंडळाचं नावच नाही! वादपत्रात बंदच्या आदेशाचा उल्लेख एका परिच्छेदात, तोही "काही प्रशासकीय पत्रव्यवहाराच्या आधारे" असा. प्रार्थनेत लिहिलंय, प्रतिवादीने वादीचा वीजपुरवठा खंडित करू नये.

निशाणी५

हीच शंका होती. ही जुनी युक्ती आहे आणि मला तिचा मनापासून राग आहे. मंडळाला पक्षकार केलं की पहिल्याच दिवशी कलम ५८ समोर येतं. म्हणून मंडळ वगळायचं आणि ज्याने वीज तोडायची त्याच्यावर दावा लावायचा. मग वरवर बघणाऱ्याला तो वीजबिलाच्या भांडणासारखा दिसतो. वीज कंपनीचा वकील बिलाची कागदपत्रं घेऊन येतो. त्याच्याकडे नदीचे कागद नसतातच.

पण कलमाचे शब्द पुन्हा वाचा. ‘मंडळाने केलेली कृती’ असं तिथे नाही. ‘या कायद्याने दिलेल्या अधिकारानुसार केलेली किंवा करायची कृती’ असं आहे. वीज कंपनी तार तोडणार ती ३३अ च्या निर्देशामुळेच, तो पाळणं तिच्यावर बंधनकारक आहे. तेव्हा हात कुणाचाही असो, बंदी लागतेच.

आता करायचं काय. ऑर्डर १ नियम १० खाली गावातल्या दोघा-तिघांनी सामील पक्षकार व्हायचा अर्ज द्या. ज्यांच्या विहिरीचं पाणी गेलं त्यांनीच द्या, ग्रामपंचायतीचा ठराव सोबत जोडा. मंडळाला पत्र देऊन दाव्याचा नंबर कळवा, त्यांना कदाचित ठाऊकच नसेल. ते पक्षकार झाले की ऑर्डर ७ नियम ११(ड) चा अर्ज: कायद्याने मज्जाव असलेला दावा म्हणून वादपत्रच नामंजूर करा. आणि एकतर्फी हुकूम उठवण्यासाठी ऑर्डर ३९ नियम ४. सत्य लपवून हुकूम मिळवला असेल तर तो उठवायची तरतूद त्या नियमातच आहे, आणि बंदचा आदेश ‘पत्रव्यवहार’ म्हणून लपवणं यापेक्षा वेगळं काय?

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. महाराष्ट्रात दिवाणी प्रक्रिया संहितेला आपली स्वतःची दुरुस्ती होती, कलम ९अ. मनाईच्या अर्जाच्या वेळी कुणी अधिकारक्षेत्राची हरकत घेतली की कोर्टाला ती प्राथमिक मुद्दा म्हणून आधी ठरवावी लागायची. २०१८ मध्ये ते कलम काढलं. काढायला कारणं होती: त्या एका मुद्द्यावर साक्षीपुरावे चालायचे, वर्षं जायची, आणि तोवर अंतरिम मनाई तशीच राहायची. तरी तुमच्यासारख्या दाव्यात पहिल्याच तारखेला ‘हे कोर्ट हा दावा चालवू शकतं का’ हा प्रश्न उभा करायची ती हक्काची जागा होती. आता तो प्रश्न आपणच लावून धरावा लागतो.

मांडवीकर

रत्नागिरीहून. या विषयावर आमच्या गावाची आठवण निघणारच.

स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना आधी आमच्याकडे यायचा होता. १९९२ मध्ये जमीन दिली गेली, १९९३ मध्ये लोक उठले. माझे वडील त्या मोर्च्यांत होते. ते आंबा बागायतदार, घोषणा द्यायला लाजणारा माणूस, पण त्या वर्षी त्यांचा आवाज बसला होता तो महिनाभर. काम थांबलं आणि कारखाना तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला. आम्ही सुटलो, ते अडकले. हे मला आजही टोचतं, म्हणून त्या खटल्यांकडे मी लक्ष ठेवून असतो.

मद्रास हायकोर्टाने सप्टेंबर २०१० मध्ये कारखाना बंद करायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली आणि एप्रिल २०१३ मध्ये हायकोर्टाचा आदेश रद्द केला, कंपनीला १०० कोटींची भरपाई भरायला लावून. म्हणजे अडीच वर्षं कारखाना स्थगितीवर चालला. पुढे एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या मंडळाने संमतीपत्राचं (कारखाना चालवायला मंडळाची लागते ती परवानगी) नूतनीकरण नाकारलं. २२ मे २०१८ ला लोकांवर गोळीबार झाला, १३ माणसं गेली. २८ मे ला राज्य सरकारने कायमचं बंद करायचा आदेश काढला. कंपनी हरित लवादात गेली, डिसेंबरमध्ये लवादाने बंदचा आदेश रद्द केला. आणि इथे या धाग्याचा मुद्दा येतो: १८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा तो निकाल अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर काढून टाकला. सरकारच्या त्या आदेशावर लवादाकडे थेट अपील चालतच नाही, जायचं तर हायकोर्टात जा. कारखाना चांगला की वाईट हे तिथे ठरलंच नाही, दार कुठलं एवढंच ठरलं. मग ऑगस्ट २०२० मध्ये मद्रास हायकोर्टाने याचिका फेटाळली आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधे कोविडच्या लाटेत प्राणवायू तयार करायला तेवढी परवानगी मिळाली होती, तांबं पुन्हा निघालं नाही.

निशाणी५ साहेब, म्हणजे दार चुकलं तर जिंकलेला निकालही जातो. बरोबर ना?

निशाणी५

अगदी बरोबर. आणि हे गावालाही लागू आहे, फक्त कारखान्याला नाही.

म्हादईकाठ

गोव्यातून लिहितोय. हायकोर्टाचं खंडपीठ आमच्या पर्वरीला आहे, पण हरित लवाद म्हटलं की पुणे. २०१७ मध्ये गोव्याची प्रकरणं पुण्याहून दिल्लीला हलवायची अधिसूचना निघाली होती. गावच्या माणसाने दिल्लीला जायचं कसं? खंडपीठाने त्याच वर्षी ती अधिसूचना रद्द केली. बॉयलरभाऊ ६०० किलोमीटर म्हणाले ते मला पटलं. अंतर हीसुद्धा एक आडकाठीच आहे.

माझा प्रश्न उलट दिशेचा आहे. समजा मंडळ एखाद्या कारखान्याला संमतीपत्र देणार आहे आणि गावाचा विरोध आहे. गाव दिवाणी कोर्टात जाऊन मंडळाला मनाई मागू शकतं का? आमच्याकडे तसा दावा लावायचं चाललंय.

निशाणी५

थांबा, लावू नका. कलम ५८ दोन्ही बाजूंना लागतं. संमतीपत्र देणं हीसुद्धा त्या कायद्याखालचीच कृती. कारखान्याला मिळू नये असं आपण म्हणतो ती मनाई आपल्यालाही मिळणार नाही, आणि दावा फेटाळला जाईपर्यंत अपिलाची मुदत निघून जाईल. खरं नुकसान तेच.

संमतीपत्राच्या आदेशावर कलम २८ खाली अपिलीय प्राधिकरणाकडे अपील, मुदत ३० दिवस. ‘आदेशाने बाधित कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत, नुसता कारखानदार नाही. त्या निर्णयावर लवाद. लवादाच्या निर्णयावर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालय. मूळ तक्रार घेऊन लवादात जायचं तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. भरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १००० रुपये आहे. दिवाणी कोर्टातली भरपाईची वाटही लवाद कायद्याच्या कलम २९ ने बंद केली आहे, म्हणून पाच वर्षांचा आकडा लक्षात ठेवा.

एक जुनं हत्यार अजून चालतं. सार्वजनिक उपद्रव हटवायला कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज, पूर्वीचं फौजदारी संहितेचं कलम १३३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १५२. जल कायदा आला म्हणून ते संपलेलं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये केडिया लेदरच्या प्रकरणात सांगितलंय. तहसीलदार, प्रांत जवळ असतात. दूरच्या गावांनी याचा विचार करावा.

जुना क्षेत्र अधिकारी

एक भर घालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रदूषण समितीच्या प्रकरणात सांगितलं की ३३अ आणि हवा कायद्याच्या ३१अ खाली मंडळांना पर्यावरणाच्या हानीची भरपाईही वसूल करता येते, त्यासाठी आधी नियम करून आणि सुनावणी देऊन. म्हणजे आता बंद करणं आणि काहीच न करणं यांच्या मधला रस्ता आहे. बॉयलरसारख्या ४० माणसांच्या युनिटला थेट टाळं लावायची वेळ दर वेळी यायला नको, आणि नदी घाण करून फुकट सुटायलाही नको.

काठावरची

तारीख झाली. उशीर झाला लिहायला, माफ करा.

गावातून अकरा जण गेलो होतो. ज्यांच्या आडाचं पाणी गेलं त्या तिघांचा सामील व्हायचा अर्ज दिला. मंडळाचे वकील आले होते, त्यांनीही अर्ज दिला आणि बंदचा मूळ आदेश, सुनावणीची नोंद, प्रयोगशाळेचा अहवाल सगळं हजर केलं. जुने अधिकारी काका, तुम्ही सांगितलेलं मी आधीच बघून ठेवलं होतं: दोन डबे, दोन सह्या, वेळ दुपारी १२.२०, नोटीसही जोडलेली. एवढ्याशा कागदाचा मला इतका आधार वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

कारखान्याचे वकील कामगारांवर बरंच बोलले. ते खोटं नाही. आमच्याच गावची नऊ पोरं तिथे आहेत, त्यातल्या एकाची आई आमच्यासोबत कोर्टात होती. न्यायाधीशांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, बंदच्या आदेशावर अपील केलंय का? नाही. मुदत आहे का? आहे, अजून बारा दिवस. मग त्यांनी कलम ५८ वाचलं. कोर्टात सगळ्यांना ऐकू येईल असं, सावकाश. मला इंग्रजी सगळं समजलं नाही, पण ‘नो इंजंक्शन’ समजलं.

मंडळ आणि आमची तिघं पक्षकार झाली. मनाई हुकूम उठला. वादपत्र नामंजूर करायच्या अर्जावर पुढच्या महिन्यात सुनावणी आहे.

बॉयलर

ताई, तुमचं अभिनंदन. त्या नऊ पोरांची आठवण ठेवलीत, त्याबद्दल आभार. कारखान्याने तीन शिफ्टऐवजी एक चालवायची, प्लँटची क्षमता वाढवायची, बँक गॅरंटी द्यायची असा प्रस्ताव मंडळापुढे ठेवला तर त्याला लगेच नाही म्हणू नका. अटी कडक घाला, पण वाट ठेवा.

निशाणी५

ताई, छान काम केलंत. आता ते दोनपैकी एका ठिकाणी जाणार, पुण्याला लवादात किंवा हायकोर्टात. तिथे त्यांना स्थगिती मिळूच शकत नाही असं समजू नका. आदेश कच्चा असेल तर मिळते, म्हणूनच तो पक्का असण्याला इतकं महत्त्व आहे. हायकोर्टाने एकतर्फी अंतरिम आदेश दिला आणि प्रत मिळाली नसेल किंवा तुमचं ऐकलं नसेल, तर तो उठवायचा अर्ज करा. अनुच्छेद २२६(३) मध्ये तो अर्ज दोन आठवड्यांत निकाली काढायला सांगितलंय. तालुक्याच्या हुकमाची आणि मूळ वादपत्राची साक्षांकित नक्कल जपून ठेवा. मंडळाला वगळून दावा लावला होता ही गोष्ट वरच्या कोर्टापुढे यायला हवी.

काठावरची

शुक्रवारी सकाळी वीज तोडली. मी पुलावर उभी होते. भोंगा झाला नाही.

त्यांनी पुण्याला अपील दाखल केलंय, नोटीस काल आली. आम्ही तिघं आणि सरपंच असे चौघं जातोय. एसटी पहाटे ५ ची. पिशवीत नकला आहेत, अहवाल आहे, टँकरची चार वर्षांची बिलं आहेत, आणि आडाच्या पाण्याची एक बाटली घेतलीय. कोर्टात ती कुणी बघणार नाही हे वकीलदादांनी फोनवर सांगितलं, तरी घेतलीय. बॉयलरदादा, त्यांच्या एक शिफ्टच्या प्रस्तावाचा कागदही नोटिसीसोबत आलाय. तो बसमध्ये सगळे मिळून नीट वाचू, मग ठरवू. पुण्यात लवादापाशी सकाळी नऊच्या आत पोचायला स्वारगेटवरून काय बरं पडतं, कुणी सांगाल का?